लो-फाय ड्रमनाद
लो-फाय ड्रमनाद : घरगुती ध्वनिमुद्रणात तालवाद्याच्या नादातली चकाकी मुद्दाम काढून त्याला खरखरीत, दाट पोत देण्याची रीत. ती मुख्यतः हिप-हॉपमध्ये रुजली. नुसती खरखर वरून मिसळून हा पोत येत नाही. नाद कुठल्या टप्प्यावर आणि किती चेपला, यावर सगळे अवलंबून असते.

या नादाला वळण लावले ते ई-म्यू कंपनीच्या 1987 सालच्या एसपी-1200 या सॅम्पलरने, म्हणजे नादाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राने. 12 बिट, सेकंदाला सुमारे 26 हजार नमुने आणि मेमरी जेमतेम 10 सेकंदांची. जागा वाचावी म्हणून बीटमेकर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची तबकडी 45 च्या वेगाने वाजवून भरून घेत आणि यंत्रात पुन्हा संथ करत. तेवढ्याच मेमरीत तिसरा हिस्सा जास्त मावे. पण संथ करताना मूळ नादात नसलेल्या उंच कंप्रता उमटत. आज ज्याच्यासाठी धडपड चालते तो खरखरीतपणा असा काटकसरीतून जन्मला. 12 बिट म्हणजे 4,096 पायऱ्या, 8 बिट म्हणजे फक्त 256. थाप जोरात असताना या पायऱ्या कानाला कळत नाहीत. नाद विरू लागला की दाणेदार होऊन वर येतात.

यंत्राइतकाच खोलीचाही विचार करावा लागतो, विशेषतः पुण्यातल्या येरवड्यासारख्या दाट वस्तीत घरीच मुद्रण करताना. जेएनएनयूआरएम या केंद्र सरकारच्या शहर-नूतनीकरण अभियानात इथे झोपडीच्या जागीच पक्की घरे बांधली गेली, ती सुमारे 270 चौरस फुटांची. समोरासमोरच्या उघड्या भिंतींत 10 फूट अंतर असेल तर 56 हर्ट्‌झच्या आसपासचा सूर खोलीत घुमतो. किकचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, तळ नेमका तिथेच असतो. माइक भिंतीलगत असेल तर गडगडाट होतो, दोन भिंतींच्या बरोबर मध्ये असेल तर तो सूर गायब. एक तृतीयांश अंतरावर माइक आणि मागे उभी केलेली गादी, एवढ्याने बरेच निभावते.

ड्रमसेट नसला तरी अडत नाही. हलगी विस्तवावर शेकून चामडे ताणून घ्यावे आणि हातभर अंतरावर साधा मोबाइल ठेवावा. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप आवरतो, त्यामुळे थापेचे टोक दबते आणि मागे भिंतींवरून परतणारा नाद फुगून येतो. अनेकदा महागड्या प्लगइनपेक्षा हेच सरस ठरते.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा. आधी स्वच्छ, भरपूर पातळीची थाप, मग बिट कमी करणे, त्यानंतर जोरकस नाद दाबून हळू नाद वर आणणारा कॉम्प्रेसर. त्याचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 20–30 मिलिसेकंद ठेवला तर थापेची धार शाबूत राहते आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) 100 मिलिसेकंदांच्या आत ठेवला तर दाणेदार शेपूट वर येते. क्रम उलटला तर ते दाणे खालीच राहतात. येरवड्याला लोहगाव विमानतळ जवळ असल्याने विमानांची घरघर मुद्रणात येते आणि कॉम्प्रेसर तीही उचलतो. म्हणून हलगीच्या ट्रॅकवर खालच्या कंप्रता कापणारा हाय-पास फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधीच लावावा. किकला मात्र तो लावू नये, तळच जाईल.

शेवटी 8 किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग उतरवला की मराठी रॅपमधल्या स, श, च यांना वरच्या पट्ट्यात मोकळी जागा मिळते. नादाची विकृती (डिस्टॉर्शन) फार वाढवली तर 3 किलोहर्ट्‌झच्या आसपास गर्दी होते आणि शब्द कळेनासे होतात.