टाटपट्टीवरचा कणा

आंजीच्या शाळेत आम्ही टाटपट्टीवर बसायचो, पाटी मांडीवर. अर्ध्या तासात अख्खी रांग पोक काढायची. पीटीचे गुरुजी मागून येत, खांद्यांच्या मधोमध एक बोट टेकवत, बोलत काहीच नसत. पाठ आपसूक सरळ व्हायची. पुढं मी 32 वर्षं हाच विषय शिकवला. सगळ्या प्रशिक्षणातून माझ्याकडं टिकलं ते हे बोट.

गुरुजी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. वैद्य बंधूंनी 1914 साली काढलेली ही संस्था. तिचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायाम दाखवून आलं. गुरुजी हे सांगायचे तेव्हा त्यांचीच पाठ आणखी ताठ व्हायची! तिकडं औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले होते. कणा पुढं वाकतो तसा मागंही वळला पाहिजे, हे त्या नमस्कारात आहे. नुसत्या ‘सावधान’मध्ये ते नाही. सावधान म्हटलं की पोरं श्वास कोंडून छाती काढतात, कंबरेत खोलगट बाक येतो, आणि ‘विश्राम’ म्हणताच सगळं ढासळतं.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते वर्ध्यानं. ऑक्टोबर 1937 मध्ये तिथं शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीनं बुनियादी शिक्षणाची आखणी केली. साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या हातकामाला, 3 तास 20 मिनिटं, व्यायामाला 10. आधी मला याचा राग आला होता. मग टकळी घेऊन स्वतः बसून पाहिलं. सूत ओढताना डावा हात वर जातो, नजर उचलते. पोक काढून बसलं तर हाताला जागाच उरत नाही. पाठ व्यायामाच्या तासात नव्हे, कामात घडत होती.

आमच्या शाळेत टकळी नव्हती, लिहिणं होतं. म्हणून मी सुताराकडून वीतभर उंचीच्या उतरत्या फळ्या करवून घेतल्या आणि पाटी मांडीवरून उचलून त्यांवर ठेवली. ‘पीटीचे मास्तर लिखाणाच्या तासाला वर्गात कशाला?’ असं एकदा तपासणीत विचारलं गेलं. मी त्या साहेबांना शेवटच्या रांगेमागं नेऊन उभं केलं. समोर चाळीस पाठी होत्या. दोनच वाकलेल्या होत्या. त्या दोघांना अजून फळी मिळायची होती.