दोमा वाकेरा

दक्षिण स्पेनमधील आंदालुसियात झुंजीच्या बैलांचे कळप राखणाऱ्या घोडेस्वार गुराख्यांची स्वारीची पद्धत. लगाम डाव्या हाती असतो, उजवा मोकळा राहतो. कारण त्या हातात ‘गारोचा’ ही सुमारे ३.५ ते ४ मीटर लांबीची लाकडी काठी धरायची असते. पळत्या गोऱ्ह्याला मागून गाठून, पुठ्ठ्याला काठी रेटून त्याला लोळवतात आणि उठल्यावर तो कसा अंगावर येतो यावरून त्याचा कस पारखतात. अशा वेळी चौखूर धावणारा घोडा जागीच थांबला नाही किंवा मागच्या पायांवर गर्रकन वळला नाही, तर स्वाराच्या जिवावर बेतते. या स्वारीतली सारी कसरत त्या गरजेतून आली आहे. तरी जाणकार आधी पाहतात ती घोड्याची साधी चाल: कपाळावरची माश्या हाकणारी झालर पावलांच्या ठेक्यात डावी-उजवीकडे झुलली पाहिजे. दुडकीला येथे फारसे स्थान नाही.

पोर्तुगालमध्ये तेझू नदीकाठच्या रिबातेझू भागातील ‘कांपीनू’ हे घोडेस्वार गुराखी लाल बंडी व हिरवी लोंबती टोपी घालून बैलांचे कळप राखण्याचे हेच काम करतात. ‘वर्किंग इक्विटेशन’ हा स्पर्धाप्रकार अशा परंपरांतूनच घडला; त्याची पहिली युरोपीय स्पर्धा १९९६ मध्ये इटलीत झाली.