फिरकी गोलंदाजी : सातारा व सांगली

फिरकी गोलंदाजी : क्रिकेटमध्ये वेगावर भर न देता बोटांच्या अथवा मनगटाच्या साहाय्याने चेंडूला गिरकी देऊन फलंदाजास चकविण्याची गोलंदाजीची पद्धती. भारतातील तिच्या इतिहासाचे दोन महत्त्वाचे धागे दक्षिण महाराष्ट्रातील सातारा व सांगली ह्या गावांशी निगडित आहेत.

पकड व गिरकी : पकडीवरून ह्या गोलंदाजीचे दोन वर्ग पडतात. बोटांच्या फिरकीत तर्जनी व मध्यमा शिवणीवर आडव्या, एकमेकींपासून दूर ठेवतात आणि मुख्यतः तर्जनीच्या जोराने चेंडू फिरवितात. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा असा चेंडू (ऑफब्रेक) टप्प्यानंतर उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतो. डाव्या हाताने टाकल्यास तो त्याच्यापासून दूर जातो. मनगटाच्या फिरकीत अनामिका दुमडून शिवणीला लावतात व चेंडू सोडताना मनगट वळवितात (लेगब्रेक). पकड तीच ठेवून हाताची मागची बाजू फलंदाजाकडे केल्यास चेंडू उलट दिशेने वळतो, त्यास ‘गुगली’ म्हणतात. चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी दिल्यास (टॉपस्पिन) तो अपेक्षेपेक्षा लवकर खाली येऊन अधिक उसळतो. अंगठ्याच्या चिमटीतून मागच्या दिशेने गिरकी दिल्यास (फ्लिपर) तो टप्प्यानंतर खाली राहून सरपटत जातो.

चेंडूचे वळणे दोन ठिकाणी घडते. हवेत गिरकीमुळे चेंडूच्या दोन बाजूंवरील हवेच्या दाबात फरक पडतो व त्याचा मार्ग वाकतो. हा परिणाम जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ माग्नुस यांच्या नावाने ओळखला जातो. जमिनीवर मात्र सर्व काही चेंडू व खेळपट्टी यांतील घर्षणावर अवलंबून असते. भुसभुशीत किंवा खरखरीत माती चेंडू पकडते, रूळ फिरवून घट्ट व गुळगुळीत केलेल्या खेळपट्टीवर तो घसरतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता फटकाविला जात असल्याने तेथे केवळ हवेतील परिणामच उपयोगी पडतो.

साताऱ्याचा सामना : खेळपट्टीच्या ह्या गुणधर्माचा उपयोग गोलंदाजाला नामोहरम करण्यासाठी कसा केला जाई, याचे उदाहरण बाळू पालवणकर (१८७६–१९५५) यांच्या चरित्रात आढळते. चर्मकार कुटुंबातील बाळू पुण्यात यूरोपियनांच्या क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याच्या अल्प वेतनाच्या नोकरीत होते. तेथील फलंदाजांना, विशेषतः जे. जी. ग्रेग यांना, सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकताना त्यांची डावखुरी संथ फिरकी घडत गेली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे क्वचितच मिळे. पुढे पुण्याच्या हिंदू संघात त्यांचा समावेश झाला, तोही वादानंतर. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू इतर खेळाडू हाताळीत. परंतु चहा त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा संघ साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळावयास गेला. बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर पुनःपुन्हा रूळ फिरविण्याची आज्ञा माळ्याला देण्यात आली होती. तरीही बाळूंनी सात बळी घेतले व हिंदू संघ विजयी झाला. रुळाने जमिनीवरील वळण कमी करता येते. हवेतील वक्रगती, उंची व वेग यांतील फेरफार त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात आणि बाळूंचे प्रभुत्व नेमके ह्या गोष्टींवर होते. संघ परतल्यावर पुण्यातील समारंभात न्या. महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना हार घातला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

सांगलीचा वारसा : विजय हजारे (१९१५–२००४) यांचा जन्म सांगलीचा. ते मुख्यतः फलंदाज व मध्यमगती गोलंदाज होते. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी डॉन ब्रॅडमनचा दोन कसोटींत त्रिफळा उडविला. त्यांना मार्गदर्शन लाभले ते क्लॅरी ग्रिमेटचे. ग्रिमेट हा मनगटी फिरकीचा शोधक वृत्तीचा अभ्यासक असून कसोटी क्रिकेटमध्ये २०० बळींचा टप्पा गाठणारा पहिला गोलंदाज होय. फेब्रुवारी १९५२ मध्ये हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने मद्रास येथे इंग्लंडवर एक डाव व ८ धावांनी मात करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या सामन्यात विनू मंकड यांनी १२ बळी घेतले. मंकडही बाळूंप्रमाणेच डावखुरे संथ फिरकी गोलंदाज होते. ज्या कलेला साताऱ्यात रुळाखाली दडपण्याचा प्रयत्न झाला, तिनेच सुमारे अर्धशतकानंतर भारताला पहिले कसोटी यश मिळवून दिले.