कृष्णाकाठचे देव

कथा अशी. सह्याद्रीवर ब्रह्मदेवांनी यज्ञ मांडला. सावित्रीस यावयास उशीर झाला, म्हणून गायत्रीस पाटावर बसविले. सावित्रीच्या शापाने विष्णू कृष्णा, शंकर वेण्णा व ब्रह्मदेव कोयना होऊन वाहू लागले. वेण्णा माहुलीस, कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. सांगलीस तिन्ही देव एकाच पात्रातून जातात. मग शैव-वैष्णव वाद कृष्णाकाठी कोणी घालावा? सावित्रीही नदी झाली, पण रुसून पश्चिमेस कोकणात उतरली. नवल असे की, १९६२ पासून कोयनेचे पुष्कळ पाणी बोगद्याने पोफळीस नेतात आणि वीज करून वासिष्ठीत सोडतात. म्हणजे ब्रह्मदेवही कोकणात गेलेच! त्या धरणापायी मात्र कित्येक गावांना आपल्या देवांसह उठावे लागले.