चित्राचें ओझें

श्रोतेहो, आपल्या घरीं एखादें जुनें मासिक जपून ठेवलेलें असेल, तर त्यांतील छायाचित्र एकदां भिंगाखालीं धरून पाहावें, अशी माझी विनंती आहे. भिंगावांचून जेथें मुखावरील मंद छाया दिसते, तेथें भिंगाखालीं छाया मुळींच आढळत नाहीं. असतात ते केवळ काळे ठिपके. गडद जागीं मोठे, उजळ जागीं बारीक. करडी शाई छापखान्यांत नव्हतीच. तो करडेपणा आपल्याच डोळ्यानें उत्पन्न केलेला असतो. संकेतस्थळांवरील चित्रें त्यांचें रूप न बिघडवितां हलकीं कशीं करावीं, हा आजच्या भाषणाचा विषय. विषय नवा आहे. परंतु त्याचें मूळ या ठिपक्यांत आहे, असें माझें मत आहे.

छायाचित्र जसेंच्या तसें छापण्याची सोय आपल्याकडे फार जुनी नाहीं. पुण्याची चित्रशाळा १८७८ सालीं निघाली, तेव्हां चित्रें शिळाछापावर निघत. चित्रकाराच्या हाताखेरीज दुसरा मार्ग नव्हता. ४ मार्च १८८० रोजीं न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' पत्रानें जाळीच्या साह्यानें एक छायाचित्र छापून दाखविलें, आणि पुढील दशकांत फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनीं आडव्या-उभ्या रेघा कोरलेली कांचेची जाळी बाजारांत आणली. या जाळींतून चित्र गाळून घेतलें कीं त्याचे ठिपके होतात, आणि ठिपक्यांचा धातूचा ठसा होतो. यालाच आपण हाफटोन ब्लॉक म्हणूं लागलों.

महाराष्ट्रांत या विद्येचा एक मोठा उपासक होऊन गेला; लोक त्याला निराळ्याच कारणासाठीं ओळखतात. दादासाहेब फाळके हें नांव घेतलें कीं ३ मे १९१३ रोजीं प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. परंतु चित्रपटापूर्वीं फाळके ब्लॉक करीत असत. बडोद्याच्या कलाभवनांत असतांना प्राचार्य गज्जर यांनीं त्यांना रतलामला बाबूलाल वरुवळकर यांच्याकडे तीनरंगी ब्लॉक व छायाशिळामुद्रण शिकावयास पाठविलें. रविवर्म्याच्या छापखान्यासाठींही त्यांनीं काम केलें. १९०८ च्या सुमारास लोणावळ्यास त्यांनीं स्वतःचा कारखाना काढला. तो पुढें दादरला आला व 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नांवानें चालूं लागला. रंगीत छपाईचीं यंत्रें पाहण्यासाठीं ते १९०९ सालीं जर्मनीसही जाऊन आले. ठिपक्यांनीं डोळ्यास फसवितां येतें हें ज्यानें इतकीं वर्षें हातानें केलें, त्याला हलत्या चित्रांची भूल पडावी, यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

ब्लॉक करणारा माणूस गिऱ्हाइकास पहिला प्रश्न विचारी तो असा: छापणार कोणत्या कागदावर? वर्तमानपत्राचा कागद असेल तर इंचास साठ-पासष्ट रेघांची जाळी. गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर एकशेवीस, एकशेतेहतीस किंवा त्याहूनही बारीक. हौसेखातर बारीक जाळीचा ब्लॉक खरबरीत कागदावर चढविला, तर शाई ठिपक्यांमधील जागा भरून टाकी आणि देखण्या चेहऱ्याचा नुसता डाग होई. जेवढा तपशील कागदाला पेलतो तेवढाच द्यावयाचा, हा त्या धंद्यांतला रोजचा हिशेब होता.

आज तोच हिशेब सर्रास चुकविला जातो. भ्रमणध्वनीच्या छायाचित्रांत आडवे चार हजार व उभे तीन हजार, म्हणजे एक कोटी वीस लक्ष बिंदु सहज असतात. प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा, निळा असे तीन आंकडे. म्हणजे तीन कोटी साठ लक्ष बाइट. पृष्ठावर जागा मात्र आठशें गुणिले सहाशेंची. म्हणजे हवे त्याच्या पंचवीसपट बिंदु पाठविले जातात, आणि जास्तीचे पाहणाऱ्याच्या यंत्राला टाकून द्यावे लागतात. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील नांदूरघाटास कोणी असें पृष्ठ उघडलें आणि सेकंदाला दोन मेगाबिट एवढाच वेग मिळाला असें धरा. मूळ चित्र कच्च्या रूपांत आलें तर दोन मिनिटें चोवीस सेकंद लागतील. आठशें-सहाशेंचें करून पाठविलें तर सहा सेकंदांच्या आंत. त्याचाही दहावा भाग केला तर अर्ध्या सेकंदाहून किंचित् अधिक. हा दहावा भाग कसा करतात, तें आतां सांगतों.

त्याची कथा बंगळुरांत १९४० सालीं जन्मलेल्या नासिर अहमद यांच्यापासून सुरू होते. अमेरिकेंत कॅन्सस राज्य विद्यापीठांत अध्यापक असतांना १९७२ सालीं त्यांनीं चित्रांचे आंकडे कोज्या-लहरींत मांडण्याच्या कल्पनेवर काम करण्यासाठीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे साह्य मागितलें. तें मिळालें नाहीं. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा अभिप्राय पडला, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. त्यांनीं काम सोडलें नाहीं. शिष्य टी. नटराजन् आणि स्नेही के. आर. राव यांच्यासह त्यांचा छोटासा निबंध जानेवारी १९७४ मध्यें छापला गेला. १९९२ सालीं जेपेग ही चित्रपद्धति प्रमाण म्हणून ठरली, ती याच पायावर.

पद्धति अशी. प्रथम उजेड आणि रंग वेगळे करावयाचे. आपला डोळा उजेडाच्या बाबतींत चोखंदळ, रंगाच्या बाबतींत ढिला. म्हणून रंगाचे दोन्ही थर आडवे व उभे निम्मे केले तरी सहसा कळत नाहीं. एवढ्यानेंच ओझें अर्ध्यावर येतें. मग आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे चौसष्ट आंकडे लहरींत मांडावयाचे: कांहीं मंद, पसरट, कांहीं बारीक, झपाट्यानें बदलणाऱ्या. आकाश, भिंत, गाल यांचें बहुतेक सर्वस्व मंद लहरींत येऊन बसतें. बारीक लहरींचे आंकडे मोठ्या संख्येनें भागून जवळच्या पूर्णांकावर आणले कीं त्यांतील पुष्कळसे शून्य होतात. आणि शून्यांची रांग थोडक्यांत लिहितां येते, १९५२ सालीं हफमन यांनीं दिलेल्या रीतीनें. खरी हानि होते ती या भागाकारांत. कितीनें भागावें हें आपल्या हातीं असतें, आणि त्यालाच लोक 'क्वालिटी' म्हणतात. पुढें २०१० सालीं वेबपी आणि २०१९ सालीं एव्हिफ आले. त्याच रूपाला ते बहुधा आणखी कमी जागा घेतात.

येथवर सारें गोड आहे. परंतु ज्या बारीक लहरी आपण नगण्य म्हणून सोडतों, त्याच अक्षरांच्या कडा असतात. छायाचित्रासाठीं काढलेली ही रीत लिखाणाला सैल हातानें लावली, तर प्रत्येक अक्षराभोंवतीं पाण्यांत खडा टाकल्यासारखे धूसर तरंग उठतात. नकलेची नक्कल काढीत गेल्यास तें दुखणें वाढतें; दर वेळीं नवा भागाकार होतो आणि गेलेलें परत येत नाहीं.

ही भीति कल्पनेंतली नाहीं. २०१३ सालीं डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकज्ञानें झेरॉक्सच्या यंत्रावर एका घराच्या नकाशाची प्रत काढली, तों २१.११ चौरस मीटरच्या खोलीचें क्षेत्रफळ प्रतींत १४.१३ झालेलें! त्या यंत्रांतील जेबिग-२ पद्धति सारख्या दिसणाऱ्या आकृति एकदांच सांठवी व इतरत्र तीच चिकटवी. अस्पष्ट प्रत वाचणारा निदान शंका तरी घेतो. ही चूक स्वच्छ, सुवाच्य छापलेली होती. कंपनीला यंत्रांसाठीं दुरुस्ती काढावी लागली.

आतां पुनः नांदूरघाटाकडे येतों. हें गांव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या काळचे महसुली कागद उर्दूंत व मोडींत आहेत. सप्टेंबर २०२३ मध्यें मराठवाड्यांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, दप्तरें उलगडलीं, आणि सांपडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्या नोंदीवर कोणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, कोणाची नोकरी अवलंबून. मत कांहींही असो, कागद स्पष्ट वाचतां आला पाहिजे.

उर्दू लिपींत आरंभींच्या दांड्यावर एक नुक्ता असला तर 'न', दोन असले तर 'त'. दोन नुक्ते एकमेकांत मिसळून एक दिसूं लागले, कीं तांदूरचें नांदूर व्हावयास वेळ नको.  घाईंत लिहिणारा कारकून नुक्ते आधींच कसेबसे देई. त्यांतून उरलेला ठिपका भागाकारांत शून्य झाला, तर वाचणाऱ्यानें काय करावें? हाफटोनमधला एखादा ठिपका गेला तर चेहरा बिघडत नाहीं. येथें ठिपका हेंच अक्षर आहे.

म्हणून अशा दप्तराच्या दोन प्रती असाव्या. एक मूळ प्रत टिफ किंवा पीएनजी रूपांत, कांहींही न गाळतां, कायमची ठेवण्याची; ती जड असली तर असूं द्यावी, ती रोज कोणी उघडणार नाहीं. दुसरी पाहण्याची, तीही दर वेळीं मूळ प्रतीवरूनच काढलेली, पडद्याच्या रुंदीइतकी, शंभर किलोबाइटांच्या आंतली. नांदूरघाटच्या माणसाला प्रथम हें हलकें पान मिळावें. त्यांत आपल्या आजोबाच्या नांवाची ओळ दिसते आहेसें वाटलें, कीं त्यानें तिच्यावर बोट ठेवावें, आणि तेवढीच ओळ मूळ प्रतींतून, नुक्त्यासह, त्याच्यापुढें यावी.