सायकलचा तुंबा आणि पायांचा हिशेब

इतवारींतून सीताबर्डीकडे सायकलनें जाणाऱ्या माणसास गियरची आठवण सहसा होत नाहीं. नागपूरचे बहुतेक रस्ते सपाट. तेथें एकच गती पुरते. तोच माणूस सेमिनरी टेकडीच्या चढणीस लागला म्हणजे मात्र पाय जड होतात, पायडलवर उभें राहावें लागतें आणि शेवटीं उतरून सायकल ढकलीत न्यावी लागते. सायकल तीच, माणूसही तोच. बदलली ती जमीन. मग जमिनीप्रमाणें गतीही बदलतां आली तर?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान घातलें, त्या काळीं सायकलस सामान्यतः एकच गती असे. पुढें इंग्लंडांतील कारागिरांनीं एक युक्ति काढली. गती बदलणारीं चाकें बाहेर न ठेवतां मागल्या चाकाच्या तुंब्यांत, म्हणजे हबांतच, कोंडावयाचीं!

विल्यम रायली यानें प्रथम दोन गतींचा व मागाहून तीन गतींचा असा हब सिद्ध केला. परंतु पहिल्या कंपनीशीं झालेल्या करारामुळें त्याच्या पुढील शोधांवर त्याचा स्वतःचा हक्क उरला नव्हता. म्हणून नव्या हबाचें पेटंट जेम्स आर्चर या सहकाऱ्याच्या नांवें घेण्यांत आलें. त्याच सुमारास हेन्री स्टर्मी यानेंही तीन गतींचा हब योजिला होता. हा गृहस्थ पूर्वीं शाळामास्तर होता व नंतर सायकलविषयक पत्राचा संपादक झाला. नॉटिंगहॅम येथील रॅले कारखान्याचे मालक फ्रँक बोडन यांनीं १९०२ च्या सुमारास हा धंदा हातीं घेतला. बाजारांत आलेली रचना रायलीची. पण तिला नांव पडलें ‘स्टर्मी-आर्चर’. ज्याची बुद्धि, त्याचेंच नांव तेवढें राहून गेलें!

या जातीचा प्रसिद्ध हब १९३६ सालीं निघाला. त्याची रचना ग्रहमालेसारखी आहे. मध्यें आंसावर पक्कें बसविलेलें वीस दांत्यांचें सूर्यचक्र. त्याभोंवतीं वीस-वीस दांत्यांचीं चार ग्रहचक्रें. आणि त्यांस वेढणारें, आंतल्या अंगास साठ दांते असलेलें कडें. साखळीनें ग्रहांची चौकट फिरविली व चाकाची गती कड्याकडून घेतली, तर साखळीच्या तीन फेऱ्यांत चाक चार वेळां फिरतें. उलट कडें फिरवून चौकटीकडून गती घेतली, तर चार फेऱ्यांस तीन. हीच चढणीची गती. मधल्या गतींत कडेंच चाकास सरळ ओढतें. ग्रह फिरतात, पण त्यांवर भार नसतो.

हबाच्या उणिवेचें मूळ येथेंच आहे. दांत्यावर दांता घासला कीं कांहीं शक्ति वायां जावयाचीच. म्हणून मधली गती जवळजवळ निर्दोष, तर बाजूच्या दोन्ही गतींस थोडा कर द्यावा लागतो. शर्यतींच्या जगांत तर गियरलाच नाकें मुरडलीं गेलीं. फ्रान्सच्या महाशर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मतें गियर ही उतारवयाच्या लोकांची सोय होती. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या उघड्या गियरसही त्या शर्यतींत १९३७ सालींच मोकळीक मिळाली.

हा कर किती? चेस्टर काइल व फ्रँक बर्टो यांनीं २००१ सालीं प्रयोगाचे आंकडे प्रसिद्ध केले. हबाचे गियर हे उघड्या गियरपेक्षां सरासरीनें शेंकडा दोनांच्या आसपास मागें पडले. शंभर वॅट शक्ति लावणाऱ्या माणसाचे हे दोन वॅट होत. शर्यतींत ते डोळ्यांत भरतात. कचेरीस जाणाऱ्यास त्यांची जाणीवही होत नाहीं.

शिवाय प्रयोगशाळेंतील यंत्र स्वच्छ असतें, रस्त्यावरचें नसतें. उघड्या गियरची साखळी विदर्भाच्या धुळींत व काळ्या मातीच्या चिखलांत मळते, आणि मळलेली साखळी शक्ति खाते. हबाचीं चाकें मात्र बंद पेटींत सुरक्षित असतात; त्यांस वेळोवेळीं पातळ तेलाचे चार थेंब मिळाले कीं पुरे.

तरीही हिंदुस्थानची साधी सायकल एकाच गतीची राहिली. ती स्वस्त, दुरुस्तीस सोपी आणि सपाट रस्त्यावर कोणताही कर न मागणारी. नागपुरास तर ती शोभलीच! परंतु चढण किंवा उन्हाळ्याचा समोरचा वारा आला म्हणजे हिशेब पालटतो. तेथें यंत्र शंभरांतले दोन वांचवितें खरें. पण चुकीच्या गतीनें थकलेले पाय माणसास खालीं उतरवितात, आणि ढकलीत नेलेल्या सायकलची कार्यक्षमता कोणत्याही कोष्टकांत मांडलेली नसते. यंत्राची झीज तराजूंत तोलतां येते. तें ज्याच्यासाठीं केलें त्याचे गुडघेही त्याच तराजूंत घातले पाहिजेत.