कराची किती लांब?

सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कराचीत जन्मलेले एक आजोबा राहतात. १९४७ साली, नऊ वर्षांचे असताना, ते आगबोटीने मुंबईला उतरले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. त्यानंतर एका संध्याकाळी गच्चीवर त्यांनी मला विचारलं, "इथून कराचीला किती वेळ लागेल हो?" उत्तर शोधता शोधता मी १९३२ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन निघाले. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेलं टपाल पुढे न्यायचं होतं. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेलं पेट्रोल भरून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. एकूण सव्वासात तास. अहमदाबादमार्गे अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर आणि वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर. तेव्हा हिशोब बरोबर बसतो. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. पावसाळ्यात मात्र जुहूच्या चिखलात विमान उतरेना, म्हणून सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

आपल्याकडे हा प्रसंग भारतीय विमानसेवेचा आरंभ म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हे उड्डाण एकाच प्रांतातलं होतं. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. मराठी माणसं तिथे नोकरीला जात. सिंधच्या शिक्षणखात्यातले नारायण जगन्नाथ वैद्य त्यांपैकीच, आणि त्यांच्या नावाची शाळा कराचीत अजून उभी आहे.

फाळणीनंतरही आकाश एकदम मिटलं नाही. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथमधून कराची ते मुंबई हाच प्रवास पुन्हा केला.

आज सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. जेट विमानाला हवेत सव्वा ते दीड तास पुरावा. पण तसं विमानच नाही. दोन देशांमधली थेट सेवा आधीच थांबलेली होती. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाशही बंद केलं. जायचंच झालं तर दुबईला वळसा घालायचा: मुंबई ते दुबई साधारण १,९०० आणि तिथून कराची १,२०० किलोमीटर. म्हणजे साडेतीन पट अंतर. मधल्या थांब्यासकट वेळ काढला, तर टाटांचं पस मॉथ आधी पोचण्याची शक्यता बरीच. व्हिसासाठीचा वेळ यात धरलेला नाही.

आजोबांना मी कागदावर सगळे आकडे लिहून दाखवले. दुबईचा आकडा त्यांनी दोनदा विचारला. मग म्हणाले, "आमच्या बोटीला दोन रात्री लागल्या होत्या."